साक्षीदारांचा निवाडा

शिया आणि सुन्नी यांच्यातील मतभेदाविषयी मराठीत जे छापून येते, त्यात बहुधा एकच वाक्य पुन्हा पुन्हा भेटते: प्रेषित मुहंमद यांच्यानंतर गादीवर कोणी बसायचे यावरून पडलेली ही फूट आहे. वाक्य खोटे नाही, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. भांडण केवळ गादीचे असते तर ते गादीबरोबरच संपले असते. मदिना आणि कूफ्याची खिलाफत इ.स. ६६१ मध्ये संपली, दमास्कसची ७५० मध्ये, बगदादची १२५८ मध्ये मंगोलांनी बुडवली आणि इस्तंबूलची उरलीसुरली खिलाफत १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने एका ठरावाने मोडीत काढली. गादी राहिली नाही, दावेदार राहिले नाहीत, तरी चौदाशे वर्षांपूर्वी वारलेल्या आठ-दहा माणसांची नावे कोणत्या शब्दांत घ्यावीत यावरून लखनौत मिरवणुका बंद पडतात, पाकिस्तानात कायदे होतात आणि माणसे मारली जातात. या टिकाऊपणाचे कारण गादीपेक्षा साक्षीत शोधावे लागते, असे माझे मत आहे. ज्यांचा निवाडा करायचा ती माणसे इतिहासातील केवळ पात्रे नाहीत. धर्म ज्यांच्या तोंडून पुढच्या पिढ्यांना कळला, ते साक्षीदार आहेत. साक्षीदाराच्या चारित्र्यावर बोट ठेवले की साक्षही डळमळते, आणि साक्ष डळमळली की तिच्यावर उभे असलेले नमाजापासून वारसाहक्कापर्यंतचे सारे विधिनियम डळमळतात. हे ध्यानात घेतले नाही तर दोन्ही बाजूंचा हट्ट निव्वळ वेडेपणा वाटू लागतो, आणि तो तसा नाही.

घटनाक्रम थोडक्यात असा. ६३२ मध्ये प्रेषितांचे निधन झाले. त्यांच्या दफनाची तयारी चालू असतानाच मदिनेतील बनू साइदा कुळाच्या मांडवात, म्हणजे सकीफ्यात, जमलेल्या लोकांनी हजरत अबू बक्र यांच्या हातात हात देऊन त्यांना खलिफा मानले. प्रेषितांचे चुलतभाऊ आणि जावई हजरत अली तेव्हा तेथे नव्हते. पुढे उमर, उस्मान आणि चौथे अली, असे चार खलिफा झाले. उस्मान यांची ६५६ मध्ये बंडखोरांनी घरात शिरून हत्या केली. त्याच वर्षी बसऱ्याजवळ अली यांच्याविरुद्ध प्रेषितांच्या पत्नी आयशा, तल्हा आणि जुबैर उभे राहिले. आयशा उंटावर बसून रणात होत्या म्हणून त्या लढाईला जमल, म्हणजे उंटाची लढाई, असे नाव पडले. पुढच्या वर्षी सिफ्फीनला अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्यात युद्ध झाले. ६६१ मध्ये अलींच्या पक्षातून फुटून निघालेल्या खारिजी गटाच्या एका मारेकऱ्याने अली यांना कूफ्यात ठार केले, आणि ६८० मध्ये मुआवियापुत्र यझीदच्या फौजेने अलीपुत्र हुसेन यांना करबल्यात मारले. म्हणजे प्रेषितांनंतर तीस वर्षांच्या आत, ज्यांनी त्यांच्यामागे उभे राहून नमाज पढला होता तीच माणसे एकमेकांसमोर तलवार घेऊन उभी होती. नंतरच्या प्रत्येक श्रद्धावान मुस्लिमापुढे हा प्रश्न आहे की या साऱ्यांकडे पाहायचे कसे.

सुन्नी परंपरेने दिलेले उत्तर ‘अदालत’ या एका शब्दात सामावते. सर्व सहाबा, म्हणजे प्रेषितांचे सोबती, ‘उदूल’ म्हणजे सचोटीचे आणि विश्वासार्ह आहेत, असा हा सिद्धांत आहे. सहाबी कोणाला म्हणावे याची पंधराव्या शतकातील इब्न हजर अस्कलानी यांची व्याख्या आजही प्रमाण मानतात: ज्याने श्रद्धा ठेवून प्रेषितांची भेट घेतली आणि जो मुस्लिम म्हणूनच मरण पावला, तो सहाबी. भेट घटकाभराची असली तरी चालते. याच इब्न हजर यांनी सहाबांचा जो चरित्रकोश रचला, त्यात बारा हजारांच्या आसपास नोंदी आहेत. हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांची आणि कृत्यांची कथने, तपासणाऱ्यांनी ‘जर्ह व तअदील’ नावाचे एक कठोर शास्त्र उभे केले होते. निवेदकाची स्मरणशक्ती, त्याचा खरेपणा, त्याच्या आयुष्यातील लहानमोठ्या खोड्या, सगळे त्यात उलटेसुलटे करून पाहिले जाई, आणि एक खोटे पकडले गेले तरी माणूस कायमचा बाद होई. मात्र ही साखळी सहाबीपर्यंत पोहोचली की तपासणी तेथे थांबते. त्यापुढे निवेदक पारखायचा नाही. याला अंधश्रद्धा म्हणणे सोपे आहे, परंतु शास्त्राच्या अंगाने पाहिले तर साखळीला कुठेतरी खुंटी लागतेच, आणि सुन्नी विद्वानांनी ती खुंटी कुराणाच्या आधाराने ठोकली. नवव्या सूऱ्यातील, म्हणजे अध्यायातील, शंभराव्या आयतीत, म्हणजे वचनात, आरंभीचे मुहाजिर (मक्केहून स्थलांतर केलेले) आणि अन्सार (त्यांना आसरा देणारे मदिनावासी) यांच्यावर अल्ला प्रसन्न झाल्याचे म्हटले आहे, आणि अठ्ठेचाळिसाव्या सूऱ्यात झाडाखाली शपथ घेणाऱ्यांबद्दल तीच ग्वाही आहे.

शिया विद्वान याच कुराणातून वेगळी पाने उघडतात. शंभराव्या आयतीला लागूनच एकशे एकावी आयत आहे आणि तीत मदिनेच्या रहिवाशांमध्येही ढोंगी लोक आहेत, ‘तू त्यांना ओळखत नाहीस, आम्ही ओळखतो’ असे प्रेषितांना सांगितले आहे. ढोंग्यांवर तर एक अख्खा सूराच आहे. एखाद्या दुराचाऱ्याने बातमी आणली तर ती पडताळून पाहा, असे सांगणारी आयत वलीद बिन उक्बा या सोबत्याच्या संदर्भात उतरली, असे सुन्नी भाष्यकारच लिहून ठेवतात. सोबत हा मान आहे, हमीपत्र नव्हे, असा शिया युक्तिवादाचा गाभा आहे. मग साक्ष कोणाची घ्यायची? ‘अहले-बैत’ची, म्हणजे प्रेषितांच्या घराण्यातील निष्पाप इमामांची. हज्जहून परतताना गदीरे-खुम येथे प्रेषितांनी ‘मी ज्याचा मौला, अलीही त्याचा मौला’ असे म्हटले, हे दोन्ही पंथांना मान्य आहे आणि सुन्नी हदीस-संग्रहांतही ते नोंदलेले आहे. भांडण आहे ते ‘मौला’ या एका शब्दाच्या अर्थावर. मित्र आणि आप्त असा अर्थ सुन्नी लावतात. स्वामी आणि वारस असा अर्थ शिया लावतात. शियांचा अर्थ घेतला की सकीफ्यातील निवड ही घाईत झालेली निवडणूक उरत नाही, तर प्रेषितांच्या आज्ञेचा भंग ठरते, आणि त्या दिवशी हात पुढे करणारे सारेच आरोपीच्या पिंजऱ्यात येतात.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत, कारण मराठी वाचकापर्यंत ते बऱ्याचदा पोहोचलेले असतात. शिया सर्वच सहाबांना नाकारतात हे खरे नाही. सलमान फारसी, अबू जर, मिकदाद आणि अम्मार बिन यासिर यांची नावे शिया घरांत अपार आदराने घेतली जातात. आणि सुन्नींना अलीबद्दल प्रेम नाही, हे तर त्याहून खोटे आहे. त्यांच्या लेखी अली चौथे सन्मार्गी खलिफा आहेत, बहुतेक सूफी सिलसिले, म्हणजे गुरुपरंपरा, आपली परंपरा अलींपर्यंत नेऊन भिडवतात, आणि सुन्नी नमाजी दररोज नमाजात प्रेषितांबरोबर त्यांच्या घराण्यावरही दुरूद, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, पाठवतो. मतभेद कोणावर प्रेम करावे याचा नाही. ते प्रेम दुसऱ्या कोणाविरुद्ध साक्षीला उभे करावे काय, याचा आहे.

सुन्नी उत्तराची खरी कसोटी सिफ्फीनला लागते. अम्मार बिन यासिर हे मक्केतील आरंभीच्या छळातून गेलेले वृद्ध सहाबी अलींच्या बाजूने लढताना पडले. ‘अम्मारला बंडखोर टोळी मारील’ ही प्रेषितांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या सुन्नींच्या सर्वांत प्रमाण संग्रहांत आहे. म्हणजे निवाडा झालेला आहे, आणि तो सुन्नी ग्रंथातच झालेला आहे. म्हणूनच बहुसंख्य सुन्नी विद्वान अलींचा पक्ष न्यायाचा होता असे निःसंदिग्धपणे म्हणतात. तरीही मुआविया यांना ते दोषी ठरवत नाहीत. प्रामाणिकपणे विचार करून चुकणाऱ्यालाही एक पुण्य आणि बरोबर निर्णय करणाऱ्याला दोन, या न्यायाने ते त्यांना चुकलेला मुज्तहिद, म्हणजे स्वतंत्र निर्णय करणारा विद्वान, मानतात. त्यापुढे जाऊन ते सांगतात की सहाबांमध्ये जे घडले त्याबद्दल जीभ आवरावी. सन ७१७ मध्ये गादीवर आलेले खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या नावावर परंपरेने एक वाक्य चालत आले आहे: त्या रक्तापासून अल्लाने माझे हात वाचवले, मी माझी जीभ त्यात कशाला माखू?

या मौनाबद्दल मी आधी चांगले बोलेन. ते सुखासीन पंडितांनी घरी बसून शोधलेले नाही. एका टोकाला खारिजी होते. त्यांनी उस्मान आणि अली दोघांनाही धर्मबाह्य ठरवले आणि या निवाड्याची अंमलबजावणी तलवारीने केली. दुसऱ्या टोकाला मुआविया यांच्या उमय्या घराण्याची राजवट होती, आणि तिच्या काळात मशिदीच्या मिंबरावरून (व्यासपीठावरून) अलींना शिव्याशाप दिले जात असल्याचे इतिहासकार नोंदवतात. ती प्रथा बंद करण्याचे श्रेय याच उमर बिन अब्दुल अझीझ यांना दिले जाते. अशा वातावरणात मुर्जिया म्हणवणारे लोक म्हणू लागले की निवाडा अल्लावर सोपवू या, तो कयामतीपर्यंत पुढे ढकलू या. मोअतझिला पंथाचे आद्य विचारवंत वासिल बिन अता यांनी तर जमलच्या लढाईबद्दल असे म्हटल्याचे सांगतात की दोहोंपैकी एक बाजू निश्चितच पापी आहे, पण कोणती ते आम्हाला ठरवता येत नाही. तर्काच्या दृष्टीने ही भूमिका कितीही अवघडलेली दिसो, तिच्यामुळे शेजाऱ्याला शेजाऱ्याचा गळा न कापता जगता आले. मौन हे जखमेवर बांधलेली पट्टी होते.

परंतु पट्टी कायमची अंगाला चिकटली की तिचाच त्रास होतो. मौन म्हणजे तटस्थपणा, अशी सुन्नी लेखकांची जी समजूत असते ती मला पटत नाही. सिफ्फीनला आणि त्याआधी जमलला हजारो माणसे मेली. जिथे एक पक्ष जिंकला आणि त्याच्या वंशाने पुढे नव्वद वर्षे राज्य केले, तिथे ‘जे झाले ते झाले, बोलू नका’ या म्हणण्याचा लाभ दोन्ही पक्षांना सारखा होत नाही. तो जिंकणाऱ्याला होतो. हरलेल्याला जवळ उरते ती फक्त कहाणी, आणि तीच सांगू नये असे त्याला सांगितले जाते. मुहर्रमच्या मजलिशीत, म्हणजे शोकसभेत, जाकीर, म्हणजे शोककथा सांगणारा वक्ता, करबला सांगतो आणि ऐकणारे रडतात, त्यामागे ही जाणीव आहे. स्वतः सुन्नी परंपराही या मौनाशी एकनिष्ठ राहिलेली नाही, हे तिचे भाग्य. यझीदला शाप द्यावा की नाही यावर तिच्यात उघड मतभेद आहेत: गझाली यांनी शाप देण्यापासून परावृत्त केले, तर हंबली विद्वान इब्नुल जौझी यांनी शाप देणे योग्य आहे हे सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यझीद सहाबी नव्हता, म्हणून तेथे दार उघडे राहिले. म्हणजे निवाडा करू नये, हे तत्त्व नसून कोणाचा करू नये याची यादी आहे.

दुसरी अडचण साधनांची आहे, आणि ती दोन्ही पंथांना सारखीच छळते. या घटनांचा सर्वांत मोठा उपलब्ध संग्रह तबरी यांचा. ते ९२३ मध्ये वारले, म्हणजे सकीफ्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. त्यांनी करबल्याची हकीकत मुख्यतः अबू मिखनफ या कूफ्याच्या निवेदकाकडून घेतली आणि त्याचा कल अलीपक्षाकडे होता. उस्मान यांच्या हत्येची आणि जमलची पुष्कळशी हकीकत त्यांनी सैफ बिन उमर याच्याकडून घेतली, आणि या सैफला सुन्नी हदीसशास्त्रानेच अविश्वसनीय ठरवले आहे. सहाबांमध्ये फूट पाडणारा कोणी अब्दुल्ला बिन सबा नावाचा कारस्थानी होता, ही सुन्नी प्रचारातील लाडकी कथा मुख्यतः याच सैफकडून येते. हदीस सांगताना ज्याची साक्ष चालत नाही, तो इतिहास सांगताना कसा चालतो? तबरी यांनी स्वतः ग्रंथारंभी कबूल केले आहे की मी जे ऐकले ते पोहोचवतो. वाचकाला काही विचित्र वाटले तर तो दोष सांगणाऱ्याचा आहे, माझा नाही. मराठी वाचकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. बखर आणि समकालीन पत्र यांतील अंतरावर आपल्याकडे राजवाड्यांपासून वाद झाले आहेत. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर पंधरा-सोळा वर्षांत लिहिली गेली, तरी तिच्यातील प्रत्येक वाक्य आपण पारखून घेतो. येथे तर काही पिढ्या केवळ तोंडी चाललेल्या कहाण्या आहेत, आणि सांगणारा प्रत्येक जण आधीच कोणत्या ना कोणत्या बाजूला उभा आहे.

म्हणून ज्यांनी आपल्याच घरात ही पारख करण्याचे धाडस केले, त्यांचे काय झाले ते पाहणे उपयोगाचे ठरते. अबुल आला मौदूदी यांचा जन्म १९०३ मध्ये औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. त्यांच्या राजकारणाशी माझे जमत नाही, पण १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘खिलाफत व मुलूकियत’ या उर्दू पुस्तकात त्यांनी एक सरळ प्रश्न विचारला: खिलाफतीचे रूपांतर राजेशाहीत कसे झाले? उत्तर देताना त्यांनी उस्मान यांनी आपल्या उमय्या आप्तांना सुभेदाऱ्या दिल्याचे धोरण चुकीचे ठरवले आणि मुआविया यांच्यावर स्पष्ट टीका केली. पुरावे त्यांनी सुन्नी ग्रंथांतूनच घेतले होते. तरीही सहाबांचा अवमान केला म्हणून सुन्नी उलेमांनी त्यांच्यावर झोड उठवली आणि खंडनाची पुस्तके लिहिली. शिया बाजूलाही हेच घडले. लेबनॉनचे ज्येष्ठ शिया धर्मगुरू मुहंमद हुसेन फज्लल्लाह यांनी १९९० च्या दशकात, प्रेषितांच्या कन्या आणि अलींच्या पत्नी फातिमा यांच्या घरावर हल्ला होऊन त्यांची बरगडी मोडली या शियांच्या अत्यंत हळव्या कथेतील तपशिलांविषयी शंका व्यक्त केली. इराणच्या कुममधील काही मोठ्या धर्मगुरूंनी त्यांचा जाहीर निषेध केला. वास्तविक, आपल्याच ग्रंथातील हदीस पारखण्याची परंपरा शियांमध्ये जुनी आहे. सतराव्या शतकातील अल्लामा मजलिसी यांनी शियांच्या सर्वांत मान्य संग्रहातील पुष्कळ हदीसी निवेदकांच्या साखळीच्या कसोटीवर कमकुवत ठरवल्या होत्या. पण जिथे कथा विद्वानाच्या मेजावरून उठून जनतेच्या अश्रूंत जाते, तिथे पारख करणारा शत्रू दिसू लागतो.

आता तबर्ऱ्याविषयी. शिया धर्मशास्त्रात तवल्ला आणि तबर्रा ही जोडी आहे: इमामांशी नाते जोडणे आणि त्यांच्या शत्रूंशी नाते तोडणे. नाते तोडणे ही मनाची भूमिका आहे. त्याचा अर्थ भर चौकात शिव्या देणे असा होण्यामागे धर्मशास्त्रापेक्षा राजकारण अधिक आहे. १५०१ मध्ये शाह इस्माईलने इराणात बारा इमामी शिया पंथ राजधर्म केला तेव्हा बहुसंख्य इराणी सुन्नी होते; पहिल्या तीन खलिफांना जाहीर शिव्याशाप देणे ही तेव्हा राजनिष्ठेची चाचणी झाली. पुढे १५५५ मध्ये अमासियाला तुर्कस्तानचे उस्मानी आणि इराणचे सफवी यांच्यात तह झाला, तेव्हा सरहद्दीइतकाच हा शिव्याशापांचा प्रश्नही वाटाघाटीत होता. अठराव्या शतकात नादिरशाहने ही प्रथा बंद केली आणि १७४३ मध्ये नजफला दोन्ही पंथांच्या उलेमांची सभा भरवून शिया फिकहला, म्हणजे विधिनियमांना, सुन्नींच्या चार मजहबांच्या (विधिपरंपरांच्या) जोडीला पाचवा मजहब म्हणून मान्यता मिळवण्याचा घाट घातला. नादिरशाह काही सहिष्णुतेचा पुतळा नव्हता, दिल्लीने तो पाहिला होता. त्याला उस्मानींशी तह हवा होता आणि फौजेतील सुन्नी अफगाण हवे होते. शिव्या राजाने सुरू केल्या आणि राजानेच थांबवल्या, यातच त्यांचे मूळ कळते.

शियांच्या आवडत्या ग्रंथातच याविरुद्धचा सर्वांत मोठा आधार आहे. शरीफ रझी यांनी संकलित केलेल्या अलींच्या प्रवचनांत एक प्रसंग येतो. सिफ्फीनच्या दिवसांत आपली माणसे सीरियावाल्यांना शिव्या देताना अलींच्या कानावर आले, तेव्हा ते म्हणाले की तुम्ही शिवीगाळ करणारे व्हावे हे मला आवडत नाही. त्यांची कृत्ये सांगा, त्यांची अवस्था सांगा, ते बोलणे अधिक योग्य होईल. मला या वादात हवी असलेली रेषा इथे आखलेली सापडते. अलींनी मौन सांगितले नाही. कृत्ये सांगा, असे म्हटले. वर्णन आणि शिवी यांतील फरक त्यांनी ऐन रणात केला. सुन्नींचे मौन आणि शिया वक्त्याची शिवी, दोन्ही या कसोटीला उतरत नाहीत. पण निवाडा करण्याचा अधिकार मात्र या कसोटीला उतरतो.

लखनौचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे, कारण तिथे शिवीचाच नव्हे तर स्तुतीचाही गुन्हा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लखनौचे सुन्नी आणि शिया, इतकेच काय हिंदूही, एकाच मुहर्रममध्ये ताजिये उचलत. पुढे मुहर्रम शोकाचा की सणाचा यावरून कुरबुर सुरू झाली, सुन्नींनी आपली वेगळी करबला केली आणि ताजियाबरोबर पहिल्या चार खलिफांच्या स्तुतीची कवने म्हणायला सुरुवात केली. हीच मद्हे-सहाबा. सुन्नींचे म्हणणे सरळ होते: आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांची स्तुती करतो, त्यात कोणाचे काय जाते? पण ती स्तुती आशुऱ्याच्या, म्हणजे हुसेन मारले गेले त्या, दिवशी, हुसेनचा शोक करणाऱ्यांच्या दारावरून, मोठ्याने म्हटली जाई. इंग्रज सरकारने नेमलेल्या पिगट समितीने १९०९ च्या सुमारास आशुरा, चेहलुम (त्यानंतरचा चाळिसावा दिवस) आणि २१ रमजान (अलींचा मृत्युदिन) या तीन दिवशी जाहीर मद्हे-सहाबावर बंदी सुचवली. १९३० च्या दशकात सुन्नींनी ती बंदी मोडायला सुरुवात केली, अहरारांसारख्या पक्षांनी त्यात उडी घेतली, आणखी एक समिती झाली, आणि मार्च १९३९ मध्ये प्रांतातील काँग्रेस सरकारने बारावफातच्या, म्हणजे प्रेषितांच्या जयंतीच्या, दिवशी मद्हे-सहाबाची परवानगी दिली. लगेच शियांनी रस्त्यावर उतरून तबर्रा म्हणायला सुरुवात केली आणि हजारोंच्या संख्येने स्वतःला अटक करवून घेतली. सत्याग्रहाचे तंत्र शिव्याशापांसाठी वापरले गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही. स्वातंत्र्यानंतरही दंगली होत राहिल्या. १९७७ मध्ये मिरवणुकांवर बंदी आली आणि ती दोन दशके टिकली. एकाच वाक्याचा अर्थ कोणत्या दिवशी, कोणाच्या दारात, किती मोठ्याने उच्चारले यावर ठरतो, हे लखनौने शिकवले; आणि म्हणून शहराच्या पोलीस अधिकाऱ्याने जागा आणि वेळ नेमून द्यावी, हे मी समजू शकतो. त्याने आशय तपासू नये.

दख्खनमध्ये हे सारे फार आधी येऊन गेले होते. शाह इस्माईलच्या पाठोपाठ, सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच, विजापूरच्या यूसुफ आदिलशाहने बारा इमामांच्या नावाने खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचे प्रवचन, वाचवला, आणि १५३७ मध्ये शिया विद्वान शाह ताहिरच्या प्रभावाखाली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहने तेच केले. यूसुफने खुतबा बदलला तरी सहाबांविरुद्ध अपशब्द उच्चारण्यास सक्त मनाई केली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. दरबारातील बरेचसे सरदार दख्खनी सुन्नी असताना त्याला दुसरे काही परवडणारेही नव्हते. त्या राज्यांतून उरलेला मुहर्रम आपल्या गावांत वेगळाच झाला. कडेगावच्या उंच ताबुतांना खांदा देणाऱ्याला सकीफा माहीत नसतो. त्याला हुसेन माहीत असतो, तेवढे पुरते. मुंबईत मात्र हा प्रश्न न्यायालयातच गेला. खोजा जमातीची मिळकत आणि तिच्यावरील आगाखानांचा अधिकार यांवरून झालेल्या दाव्यात, खोजे मुळात सुन्नी की शिया, हे १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आर्नोल्ड यांना ठरवावे लागले. एका इंग्रज न्यायाधीशाने अली आणि पहिल्या तीन खलिफांचा इतिहास निकालपत्रात मांडला आणि खोजे शिया इमामी इस्माइली असल्याचा निर्णय दिला. मात्र त्याने ठरवले ते जमात काय मानत आली एवढेच. जे मानते ते खरे की खोटे, या भानगडीत न्यायालय पडले नाही.

आजच्या सरकारांना हा संयम जमत नाही. उलेमांनी उचललेली पावले तुलनेने शहाणपणाची आहेत. १९५९ मध्ये कैरोच्या अल-अझहर या सुन्नी विद्यापीठाचे प्रमुख महमूद शल्तूत यांनी जाफरी, म्हणजे शिया, फिकहनुसार उपासना करणे वैध ठरवले. २०१० मध्ये लंडनमधील एका शिया वक्त्याने आयशांबद्दल जाहीरपणे गलिच्छ बोलल्यावर इराणचे सर्वोच्च नेते अली खामेनेई यांनी सुन्नींच्या आदरस्थानांचा, विशेषतः प्रेषितांच्या पत्नीचा, अवमान निषिद्ध असल्याचा फतवा दिला. हे आतून आलेले बंधन आहे आणि त्याचा परिणाम आतल्यांवर होतो. याउलट पाकिस्तानने १९८० मध्ये दंडविधानात कलम २९८-अ घातले, आणि प्रेषितांचे कुटुंबीय, सन्मार्गी खलिफा व सहाबा यांच्याविषयी अवमानकारक बोलण्यास तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. पाचच वर्षांनी झंगमध्ये सिपाह-ए-सहाबा ही संघटना निघाली, आणि पुढची हिंसा सर्वांना ठाऊक आहे. कायद्याने शांतता आली नाही, उलट खुनशी माणसाला कायद्याची भाषा मिळाली. २०२३ मध्ये तेथील संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ही शिक्षा किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी वाढवणारे विधेयक मंजूर केले आणि शिया संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांची भीती काल्पनिक नाही. कायद्यात ‘अवमान’ असा शब्द असतो, आणि जिथे एका पंथाच्या श्रद्धेचा गाभाच दुसऱ्याच्या दृष्टीने अवमान आहे, तिथे तो शब्द माणूस पाहून लागू होतो.

फदकचे उदाहरण घ्या. खैबरजवळच्या या खजुरांच्या जमिनीवर फातिमा यांनी वडिलांची वारस म्हणून हक्क सांगितला, आणि ‘आम्ही प्रेषित वारसा ठेवत नाही, जे ठेवतो ते सदका (दान) असते’ ही हदीस ऐकवून अबू बक्र यांनी तो नाकारला. सुन्नी म्हणतात, खलिफाने प्रेषितांच्या शब्दाबाहेर जाऊन मुलीलाही सवलत दिली नाही, हा त्यांचा न्यायीपणा. शिया म्हणतात, हक्क बुडवला. फातिमा यांची पुढे समजूत निघाली, असे सांगणारी एक परंपरा सुन्नी ग्रंथांत आहे. पण बुखारीत जे आहे ते असे: फातिमा अबू बक्र यांच्यावर रागावल्या, प्रेषितांनंतर सहा महिने जगल्या, मरेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि अलींनी त्यांना अबू बक्र यांना न कळवता रात्रीच पुरले. ही हकीकत कोणा शिया निवेदकाची नाही. ती सांगणाऱ्या आहेत आयशा, अबू बक्र यांच्या कन्या. वडिलांना अडचणीत आणणारी साक्ष मुलीने दिली, सुन्नी संग्राहकाने ती गाळली नाही, आणि साडेअकराशे वर्षे मदरशांतून ती शिकवली जात आहे. उद्या हाच उतारा एखाद्या सुन्नी मौलानाने वर्गात वाचला तर तो पाठ असेल, आणि तोच उतारा, एकही शब्द न बदलता, एखाद्या शिया जाकिराने मजलिशीत वाचला तर पोलीस ठाण्यात फिर्याद दाखल होईल.